मोठ्या खोलीची तोटी

हाक्पो, २७ नोव्हेंबर १९८९

जोंगबे,

आई वाडगा हातात घेऊन खोलीत फिरते आहे. जमिनीवर तळहात टेकवते, थांबते, उठते, चार पावलं जाऊन पुन्हा टेकवते. दुपारपासून हेच चाललंय. मी म्हटलं, "आई, ठेव ना कुठंही. सगळी जमीन सारखीच गरम आहे."

ती म्हणाली, "तेच तर. सगळीकडे सारखीच."

तू बसमध्ये बसलास तेव्हा ती हसत होती ना? घरी येईपर्यंतही हसत होती. नळ सोडून तिनं गरम पाण्याखाली हात धरले आणि मला म्हणाली, "ना धूर, ना राख, आणि बंबाच्या पोटात पाणीसुद्धा नाही. भिंतीवरच्या त्या पेटीत कोण बसलंय?" मग संध्याकाळच्या भाताची वेळ झाली. तिनं दादाच्या पितळी वाडग्यात भात भरला, झाकण लावलं, फडक्यात बांधला आणि नेहमीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं नेहमीचा कोपराच नव्हता.

चूल होती तेव्हा आग जमिनीखालून जायची. चुलीकडचा कोपरा पोळायचा, धुराड्याकडचा गार राहायचा. घरी न आलेल्या माणसाचा भात कुठं ठेवायचा हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. नऊ वर्षं ती तिथंच गोधडीखाली ठेवत आली. तू परवा जमिनीवर चिकटवलेला तेलकट कागद फाडून काढलास, तेव्हा त्या जागेचा तुकडा करपून तपकिरी झालेला होता. तो तिनं कात्रीनं कापून पेटाऱ्यामागं गुंडाळून ठेवलाय. मला वाटलं होतं, कात्री कोबीसाठी मागतेय.

किमचीचा कोबी मिठात पडलाय, म्हणून मी उद्यापर्यंत इथं आहे. नंतर सासरी. फोन करू नकोस. फोन सासूबाईंच्या खोलीत आहे आणि त्या फोनपेक्षा जवळून ऐकतात. लिही.

तुझ्या त्या जमिनीत कुठं जास्त गरम असतं का, एवढंच कळव.

पिलसुन

*

बुचॉन, ४ डिसेंबर

ताई,

मी पंधरा वर्षं लोकांच्या घरात जमिनी तापवतोय. आजवर तक्रार एकच: इकडे गरम, तिकडे गार. सगळीकडे सारखी गरम आहे अशी तक्रार पहिलीच. बोंगसिकला वाचून दाखवलं. माझ्याबरोबर नळ्या टाकतो तो. तो म्हणाला, "गावाकडच्या आया बॉयलरला नवी सून समजतात. काम चांगलं केलं तरी बोट ठेवणारच."

पण जागा आहे. आईला सांग. आमच्या या बॉयलरला टाकी नसते. तो पाणी साठवून ठेवत नाही. पाणी आत शिरतं, ज्योतीवरच्या तांब्याच्या नळीतून जातं आणि गरम होऊन बाहेर पडतं. नळ सोडला की नळाचं पाणी, नाही तर जमिनीखालचं. जमिनीखालून फिरत फिरत ते गार होतं आणि परत येतं. म्हणजे जिथं ते पहिल्यांदा जमिनीत शिरतं तिथं ते सगळ्यात गरम. आपल्याकडे बॉयलर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर आहे आणि त्या भिंतीपलीकडे छोटी खोली. दादाची. तिच्या नळ्यांचा फेरा आखूड आहे. दाराच्या उजव्या हाताला, भिंतीपासून दोन वितींवर, वाडगा तिथं ठेवायला सांग.

बॉयलरखाली दोन तोट्या आहेत, एक मोठ्या खोलीची, एक छोटीची. मोठ्या खोलीची जरा आवळली की छोटीत जास्त पाणी जातं आणि ती लवकर तापते. हेही सांग.

आता दुसरं. हे तुला एकटीला. नवव्या महिन्याची नवमी यंदाही गेली. ज्यांच्या मरणाचा दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी तो दिवस असतो, आणि आपण यंदाही गप्प बसलो. दादाच्या न परतलेल्या बोटीवरच्या बाकीच्या माणसांच्या घरांनी कधीच मेलेल्यांचं मेज मांडायला सुरुवात केली. आपला दादा तेवढा ना धड मेलेल्यांत, ना धड जिवंतांत. जिवंताचा भात गोधडीखाली, मेलेल्याचा मेजावर, चमचा उभा खोचून. नऊ वर्षं तो गोधडीखाली आहे, ताई. त्याला भूक लागली असेल.

तूच आईला सांगू शकतेस. माझ्याच्यानं होत नाही. मी सांगायला म्हणूनच आलो होतो, आणि नळ्या टाकून परत आलो.

जोंगबे

*

उन्दोंग, १६ डिसेंबर

जोंगबे,

तुझं पत्र घेऊन डोंगर ओलांडून गेले आणि आईला वाचून दाखवलं. दुसरं पान वाचलं नाही. पान हातात होतं म्हणून काहीतरी वाचायला हवं होतं, तर मी वाचलं, "इकडे थंडी फार आहे." पहिल्या पानावरही मी स्वतःहून तेच घातलं होतं. आई म्हणाली, "दोनदा लिहिलंय. गारठतोय बिचारा."

मग म्हणाली, "ते तोटीचं परत वाच."

वाचलं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही तोट्यांना हात लावून पाहिला, कुठली कुठली ते मला विचारलं, आणि मोठ्या खोलीच्या तोटीला लाल दोरा बांधला.

काल पुन्हा गेले होते. जोंगबे, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही, पण तुझं काम खरंच चांगलं झालंय. दादाच्या खोलीत, तू सांगितलेल्या जागी, तिनं तो करपलेला कागदाचा तुकडा अंथरलाय. त्यावर वाडगा, त्यावर चांगली जाड गोधडी. मी गोधडीखाली हात घातला आणि मागे घेतला. पोळला. आई हसली. म्हणाली, "असं पाहिजे. तो आला की गार भात देऊ का?"

तिनं मला तिथंच बसवलं, गोधडी पायांवर घातली, उकडलेली रताळी दिली. मला घाम फुटला. ती उंबऱ्यापाशी बाह्यांत हात घालून बसली होती. म्हटलं, "ये ना इकडे." म्हणाली, "तू बस. मला उकडतं."

तिथीचं मी काढलं नाही. तिचा चेहरा पाहिला असतास तर तूही काढलं नसतंस. हरवलेली जागा सापडली होती तिला. तू शोधून दिलीस, आणि तूच म्हणतोस मी जाऊन काढून घेऊ?

एक विचारायचं होतं. बंब पेटतो, थोड्या वेळानं टक् करून विझतो, मग परत पेटतो. मी होते तेवढा वेळ तसंच चाललं होतं. हे बरोबर आहे ना? आई खोकते थोडी. हवेनं असेल.

पिलसुन

*

बुचॉन, २६ डिसेंबर

ताई,

विझतो ते बरोबर आहे. जमिनीखालून पाणी गरमच परत आलं की बॉयलर समजतो, घर तापलं, आणि विझतो. गार झालं की पेटतो. टक् आवाज म्हणजे घर ऊबदार आहे. तुझ्या सासूबाईंच्या घरातला इतक्यांदा विझत असेल तर मला सांग, मी माझं नाव बदलतो.

मला राहवलं नाही म्हणून परवा गावच्या मुखियाच्या घरी फोन केला. त्यानं भोंग्यावरून सगळ्या गावाला ओरडून सांगितलं की जोंगबेच्या आईनं यावं, मुलाचा फोन आहे. ती धावत आली असणार. धापा टाकत होती.

"आई, जमीन तापते ना नीट?"

"तापते म्हणजे? पाठ भाजतेय माझी. रात्री कूस बदलावी लागते, माशासारखी."

"खोकतेस असं ताई म्हणाली."

"तुझी ताई माझा एक खोकला ऐकून दहा सांगते. जेवतोस का? ठेव आता, मुखियाची बायको घड्याळाकडे बघतेय."

मी हसत हसत कामावर गेलो. बोंगसिकला सांगितलं, माझी आई माशासारखी भाजतेय. त्यानं सगळ्यांना सांगितलं. आता गोदामात मला मासेवाला म्हणतात.

तिथीचं तू म्हणतेस तसं राहू दे. पण मग आपण कुठवर थांबायचं, ते तू सांग. ती गेल्यावर तो वाडगा तू भरणार आहेस का? की माझी बायको भरेल, जी अजून मिळायची आहे? आणि मिळाली तर तिला मी काय सांगू, घरात जेवायला किती माणसं आहेत म्हणून?

चांद्र नववर्षाला येतो.

जोंगबे

*

उन्दोंग, ८ जानेवारी १९९०

जोंगबे,

घाईत लिहिते आहे. सासूबाईंचा गुडघा सुजलाय, घर सोडता येत नाही. मध्ये एकदाच आईकडे जाऊन आले, तेही उजेड असेतो परतायचं म्हणून धावत.

ती घरात दादाचा कोट घालून होती. बोटीवर जाण्याआधी त्यानं खुंटीवर ठेवला होता तो. म्हटलं, "घरात कोट कशाला?" म्हणाली, "कसर लागतेय. घातला की झटकला जातो." आठवण आली असेल म्हणून घातला असेल, असं वाटलं. बाहेर येऊन मी थोडी रडले आणि चालायला लागले.

खोकला गेलेला नाही. नाशपातीत मध घालून वाफवून दिलं. हात हातात घेतले तर लाकडासारखे गार. विहिरीवर गेले होते म्हणाली. नळाला गरम पाणी असताना विहीर कशाला, विचारलं. तर म्हणे, शेजारच्या मुनसानकाकू तिथं भेटतात, नळावर कोण भेटतं?

मुनसानकाकू वाटेत भेटल्याच. त्यांच्याकडच्या बॉयलरला गॅसचा दुसरा सिलिंडर लागला. आईचा पहिलाच अजून चालू आहे. गॅसवाला म्हणतो, म्हातारीचा सिलिंडर जादूचा आहे. तुझ्या बॉयलरचं गावात नाव झालंय. आणखी दोघांना बसवून हवाय, नववर्षाला येशील तेव्हा बोल त्यांच्याशी.

पिलसुन

*

बुचॉन, १४ जानेवारी

ताई,

तुझ्या घरी फोन केला होता. सासूबाईंनी घेतला. "आईकडे जा आणि तोट्या बघ," एवढा निरोप दिला. त्या म्हणाल्या, कसल्या तोट्या. सांगितला असेल की नाही, म्हणून हेही टाकतो.

तुझं पत्र खिशात घेऊन आज एका घरी गेलो. तक्रार अशी की बॉयलर सारखा पेटतो, विझतो. टक्, टक्. मी बाईंना तेच सांगणार होतो जे तुला सांगितलं. तेवढ्यात त्यांचे सासरे बाहेर आले, टोपी घालून, नाकाला पाणी. गॅस वाचावा म्हणून त्यांनी एक खोली सोडून बाकी सगळ्या तोट्या बंद केल्या होत्या. एकाच आखूड फेऱ्यातून पाणी जातं, लगेच गरमागरम परत येतं, बॉयलर समजतो घर तापलं, आणि विझतो. घर बर्फ असतं.

ताई, दोन्ही खोल्या तापवून पहिला सिलिंडर एवढे दिवस पुरत नाही. पुरूच शकत नाही. जादू नाही ती. हे मला तू लिहिलंस तेव्हा कळायला हवं होतं. हे माझं कामच आहे. मी तुला लिहिलं, टक् म्हणजे ऊब.

तोटीचा दांडा नळीच्या रेषेत असेल तर उघडी. आडवा असेल तर बंद. लाल दोऱ्याची बघ.

आडवा असेल तर सरळ कर. ती काही म्हणाली तरी सरळ कर. वाडग्यासाठी मी नववर्षाला येऊन वेगळा फेरा टाकून देईन. जमीन फोडेन. हवं तर चूलसुद्धा परत बांधून देतो. पण आधी सरळ कर.

जोंगबे

*

हाक्पो, १८ जानेवारी

जोंगबे,

निरोप मिळाला होता. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितला, "तुझ्या भावाला नळाचं काहीतरी हवंय." पायात चपला अडकवल्या आणि निघाले. तुझं पत्र आज पोस्टमननं इथं आणून दिलं.

दांडा आडवा होता.

मोठ्या खोलीत माझा श्वास मला दिसत होता. तिच्या उशाशी पाण्याची वाटी असते ना, तिच्यावर सायीसारखा बर्फ धरला होता. अंथरुणावर पातळ चादर आणि दादाचा कोट. घरातली एकुलती एक जाड गोधडी वाडग्यावर.

ती मागून आली. म्हटलं, "आई, हे काय?"

"काय म्हणजे? जोंगबेनंच लिहिलं होतं."

"त्यानं जरा आवळ म्हणून लिहिलं होतं."

"मी जरा जास्त आवळली."

"मग छोट्या खोलीत का नाही झोपलीस? एवढी तापलेली खोली."

"ती त्याची खोली आहे. मोठा मुलगा इतक्या वर्षांनी घरी यायचा आणि त्याच्या अंथरुणात आई घोरतेय. बरं दिसतं?"

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. मग मी ते म्हटलं. इतकी वर्षं तुला बोलू दिलं नाही, स्वतः बोलले नाही, आणि तोटीपाशी उभी राहून म्हटलं, "आई, दादा येणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पत्रातलं ऐकताना बघते तशी, पुढचं वाक्य काय असेल म्हणून. मग म्हणाली, "हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला? बोटीचं कळलं त्या दिवसापासून माहीत आहे."

"मग?"

"माहीत असू दे. भात गार होऊ द्यायचा नाही एवढंच माझ्या हातात होतं."

मी दांडा सरळ केला. तिनं अडवलं नाही. बंब पेटला आणि या वेळी विझला नाही, जळत राहिला. ती मोठ्या खोलीत जाऊन बसली, तळहात जमिनीवर टेकवून. मीही बसले. ऊब यायला फार वेळ लागला. आधी काहीच नव्हतं, मग ओल्या कापडासारखं काहीतरी, मग खरोखरची ऊब. तिच्या बोटांना रंग यायला लागला, तेव्हा ती उठून छोट्या खोलीत गेली.

वाडगा घेऊन आली. गालाला लावला. माझ्या हातात दिला. कोमट होता.

"त्याची ऊब घेऊन मला दिली," ती म्हणाली. आवाज साधा होता.

मला वाटलं, ती भात परत तापवेल. वाटलं, मला शिव्या देईल. तिनं लहान मेज आणलं, उत्तरेकडे मांडलं, वाडगा ठेवला, झाकण काढलं. दादाचा चमचा आणला. एक वेळ अशी होती की ती बसून स्वतः जेवणार असं वाटलं. तिनं चमचा भातात उभा खोचला.

उदबत्ती नव्हती. वाहायला दारू नव्हती. सुकी मासळीसुद्धा काढली नाही. नुसता भात आणि त्यात उभा चमचा. लेकरापुढे आईनं वाकायचं नसतं, म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मी धाकटी, म्हणून मी वाकले. दोनदा. तुझ्या वाटचंही वाकणार होते, पण ते दुसऱ्याच्या नावानं करता येत नाही. ते तुझं तुला करायला लागेल. नववर्षाला ये.

मी उठले तेव्हा ती मेजाकडे बघून म्हणाली, "जेव. गार झालाय, पण जेव." आणि मग ती रडली. ते मी लिहीत नाही.

नंतर तिनं कोट काढला, घडी केली, पेटाऱ्यात ठेवला. गोधडी मोठ्या खोलीत आणली. आम्ही दोघी तिच्याखाली झोपलो. मला वाटलं, तिला झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, "जोंगबेला खोटं सांगितलं होतं मी. पाठ भाजते म्हणून."

म्हटलं, "कळलं त्याला."

"आता खरंच भाजतेय. लिही त्याला."

लिहिते आहे.

ये तेव्हा जमीन फोडू नकोस. वेगळा फेरा नको, चूल नको. डॉक्टर आज येऊन गेले, छातीत कफ आहे, औषध दिलंय, बरी होईल म्हणाले. तू ज्या थंडीसाठी नळ्या टाकल्यास ती थंडी गेली आहे. तुझं काम बरोबर होतं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला बरं वाटणार नाही, मला माहीत आहे. मलाही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठली. करपलेला कागद बंबाखालच्या केराच्या टोपलीत होता. वाडगा घासून फळीवर पालथा ठेवला होता. तिनं तांदूळ धुतले आणि दोघींपुरता भात केला.

पिलसुन